मितभाषी मेजर

10, डाउनिंग स्ट्रीटमध्ये बातम्यांचा टेलिप्रिंटर बसवायचा होता आणि पंतप्रधान नको म्हणत होते. माध्यम सल्लागार फ्रान्सिस विल्यम्स यांनी शेवटी क्लृप्ती काढली. ह्या यंत्रावर कौंटी क्रिकेटचे स्कोअर येतात, एवढंच त्यांनी साहेबांच्या कानावर घातलं. यंत्र बसलं. पुढे एकदा हे पंतप्रधान, क्लेमेंट ॲटली, गोंधळून विल्यम्सकडे आले. माझ्या क्रिकेटच्या यंत्रावर मंत्रिमंडळाचे निर्णय कसे काय उमटतायत? पत्रकारांना आपण जे सांगतो तेच फिरून इथे येतं, असं विल्यम्सनी समजावलं. बरं, तुम्ही बघून घ्या, म्हणून स्वारी परत गेली. आजच्या एखाद्या नगरसेवकाच्या पीएनेसुद्धा कपाळावर हात मारला असता.

*

जन्म 3 जानेवारी 1883, लंडनमधल्या पटनीचा. वडील सॉलिसिटर, आठ भावंडांत हे सातवे. घर देवधर्म पाळणारं आणि सुखवस्तू. मुलांना शिकवायला घरी ज्या बाई येत, त्यांपैकी एकीने पूर्वी विन्स्टन चर्चिल नावाच्या हट्टी पोराला शिकवायचा प्रयत्न करून पाहिला होता.

शाळा हेलीबरीची. ईस्ट इंडिया कंपनी आपले मुलकी अधिकारी जिथे तयार करायची, त्याच वास्तूत पुढे ही शाळा निघाली. भारत सोडायचा कायदा मांडणारा माणूस तिथलाच विद्यार्थी, हा योगायोग फार सोयीचा आहे, म्हणून त्यावर अधिक रेंगाळत नाही. शाळकरी ॲटली पक्का साम्राज्यवादी होता. बोअर युद्धात लेडीस्मिथचा वेढा उठला तेव्हा मुख्याध्यापकांनी सुट्टी नाकारली. पोरांनी न विचारता मिरवणूक काढली. वरच्या वर्गांतल्या मुलांना छड्या बसल्या, त्यांत हेही होते.

*

ऑक्टोबर 1905. ऑक्सफर्ड आटोपलेला, वडिलांच्या पैशावर वकिलीकडे निघालेला, अतिशय लाजरा तरुण लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, स्टेपनी भागात, हेलीबरी शाळेने गरीब मुलांसाठी चालवलेल्या क्लबात एका संध्याकाळी डोकावतो. दोन वर्षांत तो तिथला व्यवस्थापक होऊन तिथेच राहायला जातो. पुढची बरीच वर्षं मुक्काम त्याच भागात.

तिथे काय पाहिलं? गोदीतलं रोजंदारीचं काम. सकाळी दरवाज्याशी गर्दी, मुकादम बोट दाखवेल त्याला अर्ध्या दिवसाचं काम, बाकीचे घरी. आपल्याकडच्या मजूर नाक्यावर उभं राहिलेल्याला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. घरोघरी शिलाईकाम, तुकड्यावर मजुरी. क्लबातली पोरं चौदाव्या वर्षी कामाला लागलेली.

एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत हटकून येतो. रस्त्यात एक अनवाणी लहान मुलगी ॲटलींच्या सोबतीने चालू लागली. कुठे निघालात, तिने विचारलं. घरी, चहा-खाणं करायला. मुलगी म्हणाली, मी पण घरी चाललेय, चहा-खाणं आहे का ते बघायला.

1908 मध्ये ते इंडिपेंडंट लेबर पार्टीत गेले. मार्क्स वाचून ते समाजवादी झालेले नाहीत, हे त्यांना पुढे पुस्तकी डाव्यांनी नेहमी ऐकवलं. दानधर्माने देणाऱ्याचा अहंकार पोसला जातो आणि घेणाऱ्याची मान खाली जाते, त्यापेक्षा श्रीमंतांनी कर भरावा आणि गरिबाने हक्काने घ्यावं, हे त्यांचं मत ह्या गल्ल्यांत तयार झालं. पुढच्या कल्याणकारी राज्याचं बी बरंचसं इथलं आहे.

*

सभेत बोलायची भीती. तरी नाक्यावर खोका मांडून भाषणं करायची. लॉइड जॉर्ज यांच्या 1911 च्या विमा कायद्याची माहिती लोकांना द्यायला सरकारने माणसं नेमली, त्यांत हे एक. सायकलवरून गावोगाव फिरायचं आणि कायद्यातली कलमं शेतकऱ्याला कळतील अशी सांगायची. मोजक्या शब्दांत मुद्दा सांगायची सवय तिथली असावी, असा माझा अंदाज.

*

पहिलं महायुद्ध. गॅलिपोलीच्या मोहिमेत सुव्हला बेवरून इंग्रज सैन्य माघारी निघालं, तेव्हा किनारा सोडणाऱ्यांत ॲटली शेवटून दुसरे. शेवटचे जनरल मॉड. नंतर मेसोपोटेमियात, एप्रिल 1916 मध्ये, हन्ना इथल्या हल्ल्यात आपल्याच तोफांच्या गोळ्याचे तुकडे लागून जखमी झाले. हातात पलटणीचं निशाण होतं, आणि ते लाल होतं! उपचारासाठी आधी भारतात आणि मग मायदेशी रवानगी झाली. पुढे राजकारणात कितीतरी वर्षं लोक त्यांना ‘मेजर ॲटली’ म्हणूनच ओळखत.

त्याच काळात सख्खा भाऊ टॉम युद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगात होता. एक भाऊ खंदकात, दुसरा कोठडीत. दोघांचं सख्य मात्र टिकलं. पुढे क्लेम आपल्या मनातलं सर्वांत मोकळेपणाने लिहीत ते टॉमलाच.

*

1919 मध्ये स्टेपनीचे महापौर, 1922 मध्ये लाइमहाउसचे खासदार. त्याच वर्षी जानेवारीत व्हायोलेट मिलर यांच्याशी लग्न. 1931 मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान रॅमसे मॅकडोनल्ड हुजूर पक्षाशी हातमिळवणी करून ‘राष्ट्रीय’ सरकारात गेले आणि निवडणुकीत मजूर पक्षाचा पार धुव्वा उडाला. पन्नासेक खासदार उरले, मोठमोठे पडले. ॲटली 551 मतांनी वाचले. पुढाऱ्यांचा दुष्काळ पडल्यामुळे ते उपनेते झाले आणि 1935 मध्ये नेते. तात्पुरती सोय म्हणून बसवलेला हा गृहस्थ 20 वर्षं हलला नाही.

त्याला नशीब म्हणायचं तर म्हणा. पण नशिबाने खुर्ची मिळते, 20 वर्षं टिकत नाही.

*

रिकामी टॅक्सी डाउनिंग स्ट्रीटला थांबली आणि तीतून ॲटली उतरले, हा विनोद चर्चिल यांच्या नावावर खपतो. कुणीतरी तो त्यांना ऐकवला तेव्हा ते भडकले. ॲटली हे सन्माननीय गृहस्थ आहेत, युद्धकाळातले माझे निष्ठावान सहकारी आहेत, मी असलं काही कधीच बोलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. विनोद चालूच राहिला. चांगल्या विनोदाला बाप लागत नाही.

*

ह्या दोघांचा खरा प्रसंग वेगळाच आहे आणि मला तो फार आवडतो.

मे 1940 मध्ये चर्चिलनी सर्वपक्षीय सरकार केलं. मजूर पक्षाने तोवरचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्या हाताखाली काम करायला नकार दिला होता, म्हणून ते शक्य झालं. ॲटली युद्धमंत्रिमंडळात पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत राहिले, 1942 पासून उपपंतप्रधान म्हणून. चर्चिल जगभर हिंडत, भाषणं करत. मागे समित्यांच्या बैठका घेणं, कागद हलवणं, अन्न, घरं, कोळसा यांचे निर्णय मार्गी लावणं ॲटलींकडे.

जानेवारी 1945 मध्ये त्यांचा संयम संपला. कारकुनांच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी स्वतः टाइपरायटरवर, दोन बोटांनी, चर्चिलना लांबलचक पत्र लिहिलं. तक्रार साधी होती. मंत्र्यांच्या समितीने तासन् तास बसून काढलेला निष्कर्ष मंत्रिमंडळापुढे येतो. पंतप्रधानांनी तो वाचलेला नसतो. दोन मिनिटं वाचून जे कळलं असतं ते समजावण्यात अर्धा-अर्धा तास जातो. कधी कागदातला एखादा शब्द नजरेस पडतो आणि विषयाशी संबंध नसलेलं व्याख्यान सुरू होतं. वर बीव्हरब्रुक आणि ब्रॅकन या दोन मर्जीतल्या मंत्र्यांचं मत पाच जणांच्या अभ्यासाला भारी पडतं.

युद्ध जिंकत आलेल्या, जगाने डोक्यावर घेतलेल्या माणसाला हे लिहिणं सोपं नाही. चर्चिल संतापले. उत्तराचे मसुदे लिहिले, फाडले. दुःख हलकं करायला बायकोकडे गेले, तर क्लेमेंटाइनबाई म्हणाल्या, ॲटलींचं बरोबर आहे. जवळच्या सचिवांचंही मत तेच पडलं. शेवटी दोन ओळींचं सभ्य उत्तर गेलं. ज्यांना ॲटली म्हणजे गरीब गाय वाटतात, त्यांनी हे पत्र वाचावं.

*

जून 1945. प्रचाराच्या पहिल्या रेडिओ भाषणात चर्चिलनी म्हटलं, समाजवाद आणायचा तर मजूर पक्षाला कसली ना कसली गेस्टापो लागेल. दुसऱ्या दिवशी ॲटली बोलले. संयुक्त सरकारचे नेते चर्चिल आणि हुजूर पक्षाचे नेते चर्चिल यांत केवढा फरक आहे हे मतदारांना कळावं म्हणूनच पंतप्रधान असं बोलले असावेत, मी त्यांचा आभारी आहे, अशी शांत सुरुवात. आवाज चढवला नाही.

26 जुलैला निकाल: मजूर पक्ष 393 जागा. पक्षातले सहकारी हर्बर्ट मॉरिसन यांचा सूर असा की आधी पक्षाने नेता पुन्हा निवडावा, मग राजाकडे जावं. अर्नेस्ट बेव्हिन ॲटलींना म्हणाले, क्लेम, तू सरळ राजवाड्यावर जा. व्हायोलेटबाईंनी घरची लहान गाडी चालवत त्यांना राजवाड्यावर सोडलं. राजे सहावे जॉर्जही लाजरे. सांगतात की बराच वेळ दोघंही गप्प. मग ॲटली म्हणाले, मी निवडणूक जिंकलोय. राजे म्हणाले, हो, रेडिओवर ऐकलं.

*

मंत्रिमंडळ म्हणजे सिंहांचा पिंजरा. बेव्हिन, मॉरिसन, क्रिप्स, डाल्टन, नाय बेव्हन. कुणाचं कुणाशी पटत नाही. बेव्हिन आणि मॉरिसन यांचं तर उभं वैर.

सप्टेंबर 1947 मध्ये स्टॅफर्ड क्रिप्सनी बेत आखला: ॲटलींना हटवायचं, बेव्हिनना पंतप्रधान करायचं. क्रिप्स माणूस सरळ, म्हणून कारस्थानाचीही कुजबुज न करता थेट डाउनिंग स्ट्रीटवर जाऊन ॲटलींनाच सांगितलं की तुम्ही बाजूला व्हा. ॲटलींनी पाइप ओढत ऐकून घेतलं. तिथल्या तिथे बेव्हिनना फोन लावला: स्टॅफर्ड म्हणतोय तुला माझी जागा हवीय. बेव्हिन म्हणाले, मुळीच नको. फोन खाली. मग क्रिप्सना विचारलं, अर्थव्यवहाराचं नवं खातं काढतोय, घेता का? क्रिप्स पंतप्रधानांना काढायला आले होते, ते बढती घेऊन परतले.

मंत्र्याला काढायची पद्धतही तशीच. बोलावून सांगायचं, खुर्ची रिकामी हवीय. काय चुकलं माझं, असं त्याने विचारलं तर उत्तर: जमत नाहीये तुम्हाला. चहा नाही, पाणी नाही. मजूर पक्षाचे अध्यक्ष प्राध्यापक लास्की जागोजागी सरकारच्या वतीने बोलत सुटले, तेव्हा ॲटलींनी त्यांना लिहिलं की आपण काही काळ गप्प राहिलात तर स्वागत होईल.

*

कामाची यादी पाठ्यपुस्तकात सापडते, म्हणून भरभर. राष्ट्रीयीकरण: 1946 बँक ऑफ इंग्लंड, 1 जानेवारी 1947 कोळशाच्या खाणी, 1 जानेवारी 1948 रेल्वे, मग वीज, गॅस, शेवटी पोलाद. 5 जुलै 1948 ला राष्ट्रीय आरोग्य सेवा, डॉक्टर आणि दवाखाना सगळ्यांना फुकट. हे काम नाय बेव्हनचं, पण मॉरिसन विरोधात असताना मंत्रिमंडळात बेव्हनच्या पाठीशी उभे राहिले ते ॲटली.

आणि हे सगळं कर्जबाजारी देशात. युद्धातही कधी नव्हतं ते पावाचं रेशनिंग जुलै 1946 मध्ये आलं आणि दोन वर्षं राहिलं. 1947 च्या हिवाळ्यात बर्फाने खाणीतला कोळसा खाणीतच अडकला, कारखाने बंद पडले. 1949 मध्ये पौंड 4.03 डॉलरवरून 2.80 वर आणावा लागला. तिजोरी भरलेली असती तर कुणीही केलं असतं, असं म्हणायची सोय ह्या सरकारने ठेवलेली नाही.

*

जमेच्या रकान्यात बसत नाही असं एक. जानेवारी 1947 मध्ये ॲटलींसह सहा मंत्र्यांच्या समितीने ब्रिटनने स्वतःचा अणुबॉम्ब बनवायचा ठरवलं. पूर्ण मंत्रिमंडळाला विचारलं नाही. संसदेला 1948 मध्ये, तेही आडवळणाने कळलं. खर्च अंदाजपत्रकात दडवला होता, आणि तो किती हे 1951 मध्ये परत आलेल्या चर्चिलनाही पाहून नवल वाटलं. समितीतून काम करायचं आणि कमी बोलायचं, ही सवय इथे लोकशाहीच्या आड आली. पत्रात चर्चिलना समितीच्या निर्णयाचा मान ठेवा म्हणणारे हेच.

*

आता आपल्याकडचं.

सायमन कमिशनमध्ये सात इंग्रज खासदार, त्यांतले एक मेजर ॲटली. 3 फेब्रुवारी 1928 ला ते मुंबईत उतरले तेव्हा हरताळ होता आणि काळे झेंडे. ‘सायमन, परत जा’ ह्या घोषणेतल्या सायमनबरोबर भारताचे भावी मुक्तिदाते उभे होते, हे आपल्या लक्षात राहत नाही.

ऑक्टोबर 1928 मध्ये कमिशन पुण्यात असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची साक्ष झाली. काँग्रेसचा बहिष्कार असताना बाबासाहेब गेले, त्याबद्दल त्यांना शिव्या खाव्या लागल्या. प्रौढ मतदान द्या, मग संयुक्त मतदारसंघात राखीव जागा चालतील. ते देणार नसाल तर स्वतंत्र मतदारसंघ हवेत, अशी त्यांची स्वच्छ मांडणी. 18 वर्षांनी, 1946 मध्ये, त्याच ॲटलींना बाबासाहेबांनी पत्र लिहिलं की सत्तांतराची बोलणी करायला आलेल्या कॅबिनेट मिशनने अस्पृश्यांना वाऱ्यावर सोडलं आहे. पंतप्रधानांचं उत्तर सभ्य होतं आणि नकाराचं होतं.

दुसरी मुंबईची तारीख. 18 फेब्रुवारी 1946 ला ‘तलवार’ ह्या नाविक तळावर नौसैनिकांचा उठाव सुरू झाला आणि 19 तारखेला ॲटलींनी संसदेत कॅबिनेट मिशनची घोषणा केली. ह्या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून कार्यकारणभाव जुळवायचा मोह होतो. मिशन पाठवायचं मात्र जानेवारीतच ठरलं होतं. उठावाने दुसरंच दाखवलं: हिंदी सैनिकांच्या जोरावर हे राज्य आता फार काळ चालणार नाही.

*

20 फेब्रुवारी 1947 चं निवेदन: जून 1948 पर्यंत सत्ता भारतीयांच्या हाती देऊ. व्हाइसरॉय वेव्हेल यांना काढलं, माउंटबॅटन यांना पाठवलं. तारीख दिल्याशिवाय भारतीय पुढारी एकमेकांशी तडजोड करणार नाहीत, हा ॲटलींचा हिशेब. चर्चिलनी घाईघाईचं पलायन म्हणून झोडपलं. माझ्या मते तारीख देणं बरोबर होतं. वर्षानुवर्षं ‘योग्य वेळी’ ऐकून कंटाळलेल्यांना दिवस आणि महिना कळायलाच हवा होता.

चूक पुढची. माउंटबॅटननी तारीख दहा महिने अलीकडे ओढली आणि लंडनने मान डोलावली. 18 जुलैला कायदा संमत, 15 ऑगस्टला स्वातंत्र्य, फाळणीची सीमा ठरवणारी रॅडक्लिफची रेषा जाहीर 17 ऑगस्टला. म्हणजे आपण कुठल्या देशात आहोत हे पंजाबातल्या गावांना स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी कळलं. त्यांच्या रक्षणासाठी उभारलेलं सीमा दल महिनाभरात मोडलं. ब्रिटिश मंत्रिमंडळात पंजाबचा नकाशा ज्याने खरोखर पाहिला होता, प्रांतोप्रांती फिरून साक्षी ऐकल्या होत्या, असा माणूस पंतप्रधानच होता. 10 जुलैच्या भाषणात त्यांनी ही फाळणी टिकू नये अशी आशा बोलून दाखवली. आशेऐवजी पलटणी द्यायला हव्या होत्या. आपण माउंटबॅटनना धारेवर धरतो, त्यांना मोकळं सोडणाऱ्याला सोडून देतो.

*

एप्रिल 1951. कोरियन युद्धाच्या शस्त्रखर्चासाठी दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क लावायचं ठरलं आणि नाय बेव्हनने राजीनामा फेकला. ॲटली तेव्हा अल्सरमुळे इस्पितळात होते. बाहेर असते तर त्यांनी मिटवलं असतं असं पुष्कळ जण म्हणतात. मला खात्री नाही, शिवण आतून उसवलेली होती.

ऑक्टोबरची निवडणूक: मजूर पक्षाला 1 कोटी 39 लाख मतं, हुजूर पक्ष आणि मित्रांना 1 कोटी 37 लाख. जागा मात्र मजूर 295, हुजूर 321. जास्त मतं घेऊन हरले. ॲटलींनी तक्रार केल्याचं कुठे वाचनात नाही.

*

व्हायोलेटबाईंच्या गाडी हाकण्याची लंडनभर ख्याती होती, आणि ती चांगली नव्हती. गाडी ठोकायची ती बाईंनी, शेजारी बसून शब्दकोडं सोडवायचं ते साहेबांनी.

जानेवारी 1965 मध्ये चर्चिल यांच्या अंत्ययात्रेत शवपेटीसोबतच्या मानकऱ्यांत 82 वर्षांचे ॲटली होते. ऐन थंडीत, तब्येत खालावलेली असताना आले. 8 ऑक्टोबर 1967 ला ते स्वतः गेले. मागे ठेवलेली मालमत्ता 7,295 पौंड.

*

शेवटी एक विनंती. ॲटली 1956 मध्ये कलकत्त्याला आले असता म्हणाले की भारत सोडण्याच्या निर्णयात गांधींचा वाटा ‘अगदी नगण्य’ होता, खरं कारण आझाद हिंद सेना आणि नौसैनिकांचा उठाव, असा मजकूर दर ऑगस्टमध्ये मोबाइलवर फिरत येतो. त्याचा आधार एकच: त्या वेळी पश्चिम बंगालचे हंगामी राज्यपाल असलेले न्यायमूर्ती पी. बी. चक्रवर्ती यांनी 20 वर्षांनी, 1976 मध्ये, लिहिलेलं पत्र. संभाषण खाजगी, तिसरा साक्षीदार नाही, पत्र लिहिलं तेव्हा ॲटली हयात नव्हते. ते असं बोललेच नसतील, असं मी म्हणत नाही. सैन्याच्या निष्ठेची चिंता त्यांच्या सरकारला होती हे कागदपत्रांत आहे, त्यासाठी ह्या किश्श्याची गरजही नाही. पण एका माणसाच्या आठवणीवर दुसऱ्या माणसाचं हिशेबपत्रक बंद करायचं नसतं. पुढच्या ऑगस्टमध्ये तो मजकूर आला, तर पुढे ढकलण्याआधी पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: हे कुणी ऐकलं, आणि लिहून कधी ठेवलं?